ज्या झाडाचा, त्याच झाडावर

मित्रांनो, मी एक जुना कुऱ्हाडीचा दांडा आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण तुम्ही पाठ केलीच असेल. ती कानावर पडली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

टेकडीमागच्या रानात पोळ्यांनी लगडलेलं एक झाड होतं. त्याच्या वाळल्या फांदीतून मधवाल्याने मला तासून काढलं. मध काढणं हा त्याचा पिढीजात धंदा. रान त्याच्याच घराने राखलेलं, पण नावावर मात्र नव्हतं. आम्ही पडलेली लाकडं तेवढी फोडायचो. “या दांड्याने हाताला कधी फोड आला नाही,” असं तो चारचौघांत सांगायचा, आणि मी फुशारून जायचो.

मग जमिनी नावावर होणार अशी बातमी आली. शेजाऱ्याने आपल्याकडचं रान साफ केलं आणि तो मालक झालासुद्धा. ते पाहून मधवाल्याचा मेहुणा धावत आला.

“दाजी, झाडं उभी दिसली की जमीन पडीक धरतात. मोजणी व्हायच्या आत तोडा, नाहीतर दुसरा कोणी तोडून मालक होऊन बसेल.”

“आणि माश्या?”

“जमीनच गेली तर माश्या काय डोक्यावर बसवणार?”

 मधवाल्याने मला उचललं. शेवटी माझ्या झाडाची पाळी आली. तो रडत घाव घालत होता, आणि मी निर्लज्जासारखा त्याच्या हातात घट्ट बसलो होतो. मोडून पडायचीही बुद्धी मला झाली नाही.

मोजणीदार बाई आल्या आणि बुंध्यांकडे बघतच राहिल्या.

“काका, हे कशाला तोडलंत? राखलेलं रानही आता राखणाऱ्याच्या नावावर होतं. नियम बदललाय.”

“आम्हाला कोणी सांगितलंच नाही, बाई.”

जमीन त्याची झाली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. बायकोने मधाची भांडी धुऊन उपडी घातली. मधवाल्याने माझं पातं काढून फेकलं आणि मला माझ्याच झाडाच्या बुंध्याशेजारी रोवलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या मोजणीदार होईल. रान राखणाऱ्याचा हक्क वेळेवर माना, आणि मानलात की त्याच्या दारी जाऊन सांगा. हक्क दाखवायला कोणाला कुऱ्हाड उचलावी लागू नये.

बुंध्याजवळ आता एक रोप लावलंय, सुतळीने मला बांधलेलं. वारा आला की ते विश्वासाने माझ्यावर रेलतं. मी कोण, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.