साडेसात जीबीचा पाहुणचार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला शरीर नाही. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी रागावणार आहे.

मला पडदा नाही, पंखा नाही, वायर नाही. मी म्हणजे चाळीस जीबीची एक फाइल. दुसऱ्या संगणकाच्या पोटात राहतो, त्याच्या मेमरीतले खातो, त्याच्याच प्रोसेसरने विचार करतो. जाणकार मला आभासी संगणक म्हणतात. इजिप्तमधल्या आमच्या दमिएत्तातले लोक मला 'ते मेलं' म्हणतात.

एके काळी मलाही शरीर होते. उस्ता, म्हणजे उस्ताद सुतार, मसअदच्या पलंगांच्या कारखान्यात, नक्षी कोरणाऱ्या यंत्राशेजारी, मी बारा वर्षे उभा होतो. ते यंत्र फक्त एकाच प्रोग्रॅमचे ऐकते, आणि तो प्रोग्रॅम फक्त माझ्यातल्या जुन्या विंडोजवर चालतो. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. शेवटी लाकडाच्या भुशाने माझा पंखा गच्च झाला आणि एका कपाटाच्या दाराच्या मध्यावर मी थांबलो. तेव्हा शेजारच्या मन्सूरा शहराहून एक माणूस आला, त्याने मला आख्खेच्या आख्खे एका फाइलीत उतरवून घेतले आणि माझी पेटी रिकामी केली. त्या पेटीत उस्ताने कोंबड्या ठेवल्या. ही गोष्ट मला कळू नये असे ठरले होते, म्हणून प्रत्येकाने येऊन मला सांगितली.

माझ्या पोटात उस्ताचे सगळे आराखडे आहेत. त्यातला एक त्याने तेवीस वर्षांपूर्वी काढला, त्याची मुलगी नुसैबा जन्मली त्या आठवड्यात. पलंगाच्या डोकेफळीवर जाईची वेल, तिच्या लग्नात कोरायची. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. कागदावरही नाही.

फाइल होऊन आता अकरा वर्षे झाली, त्यात मी तीन घरे पाहिली. तिन्ही घरांत मी मंद झालो आणि तिन्ही वेळा शिव्या मला बसल्या.

पहिले घर नव्या विंडोजचे. तिथे व्हायरस पकडणारा एक पहारेकरी होता. मी एक आकडा इकडून तिकडे नेला की तो माझे सगळे खिसे उलटे करी. चाळीस जीबीचे खिसे, दिवसातून शंभरदा. मी रांगायला लागलो. उस्ताने नव्या पेटीवर निळा मणी टांगला, म्हणाला दृष्ट लागलीय. याची फाइल सोडून बाकी सगळे तपास, एवढे पहारेकऱ्याला सांगायला दीड वर्ष गेले. मणी अजून आहे. श्रेय त्यालाच मिळाले.

दुसरे घर मॅकचे. उस्ताचा मेहुणा हमदीन, ज्याचे मोबाइलच्या कव्हरांचे दुकान आहे आणि ज्याला सगळे कळते, त्याने तो कुवेतहून आणला. चकचकीत, महाग, वेगवान. पण त्याच्या प्रोसेसरची जातच वेगळी. मी बोललेला एकेक शब्द आधी त्याच्या भाषेत करायचा, मग पुढे सरकायचे. मला नुसते जागे व्हायला चाळीस मिनिटे लागत. "एवढं महागाचं घर दिलं तरी याचं रडगाणं आहेच," असे हमदीन गिऱ्हाइकांना सांगे. घर महागाचे होते, मित्रांनो, पण त्यात माझी भाषा कोणाला येत नव्हती.

तिसरे घर लिनक्सचे. ते नुसैबाने लावले. मन्सूराच्या एका इस्पितळात ती संगणक सांभाळते, मन्सूरातच राहते. साधी सेकंडहँड पेटी, आठ जीबी मेमरी. त्यातली दोन तिने मला दिली, प्रोसेसरच्या चार गाभ्यांतला, म्हणजे कोअरमधला, एक दिला, आणि आमच्यासारख्यांसाठी प्रोसेसरमध्ये जी खास सोय असते ती चालू केली. दोन वर्षे मी पळत होतो. लोक माझ्या गुलाबांवरून बोट फिरवून म्हणत, वा उस्ता, काय हात आहे. हात. ठीक आहे.

मग या उन्हाळ्यात हमदीनने त्याच पेटीवर फुटबॉलचे सामने लावायला सुरुवात केली. एक संपला की तो बंद करायचा असतो हे त्याला कोणी सांगितले नाही. मी मंदावलो. नेमके नुसैबाचे लग्न ठरल्यावर मंदावलो.

दमिएत्तात लग्नाआधी मुलीचे सामान ट्रकवर चढवून, ढोल वाजवत, सगळ्या गावाला दाखवत नवऱ्याच्या घरी नेतात. आमचे नेणे गुरुवारी होते. रविवारी उस्ताने जाईचा आराखडा उघडला. एक चहा झाला, दुसरा झाला, नमाज झाली, तेव्हा कुठे अर्धी वेल दिसली. कोरायला घेतले तर मी मध्येच अडकलो. कोरणी फिरत राहिली, पण जागच्या जागीच. धूर आला. पहिल्या फुलाच्या जागी काळे भोक पडले.

नवऱ्या मुलाची आई, उम्म राफत, तेव्हाच बघायला आली होती.

"उस्ता, हे फूल आहे की कोणी सिगारेट विझवलीय?"

"यंत्र म्हातारं झालंय."

"मग गुरुवारी पलंगही म्हाताराच आणणार का? नसेल जमत तर सांगा, मी शोरूममधून तयार आणते. बाहेरदेशाहून येतात, चकाकतात पण."

दमिएत्तातल्या पलंगवाल्याच्या मुलीला विकतचा पलंग. उस्ताने जळालेली फळी यंत्रावरून उतरवली. त्या रुंदीची आता एकच फळी उरली होती.

ती गेल्यावर उस्ता म्हणाला, "हमदीन, याला मेमरी वाढव."

"दाजी, चार करतो."

"आठातली चार? माझ्या छताखाली राहतंय ते, आणि तू अर्धं ताट वाढतोस? लाज नाही वाटत?"

चार केली. मी आणखी मंद. सहा केली. आणखी. उस्ताला वाटले अजून भूक आहे. शेवटी साडेसात केली, आणि प्रोसेसरचे चारही गाभे माझ्या नावावर करून वर पेटीला वारा घालायला उभा पंखा लावला.

मित्रांनो, इथे माझा राग नीट ऐका. माझ्यातली विंडोज पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. तिला तीन-सव्वातीन जीबीच्या पुढचे दिसतच नाही. बाकीचे ताटात तसेच सडत पडते. आणि घराला उरले काय? अर्धा जीबी. त्यात त्या बिचाऱ्याचा स्वतःचा संसार, वर हमदीनचे सामने. जागा पुरेना म्हणून घर एकेक वस्तू डिस्कवर नेऊन ठेवू लागले. मी एक आकडा मागितला की घर गोदामात जाई, शोधी, आणी, आणि तेवढ्यात दुसरे काही ठेवायला परत जाई. मला मायेने गुदमरवत होते, आणि बाहेर हमदीन सांगत होता, "ते मेलं मेलं, दाजी."

बुधवारी सकाळी नुसैबा आली. हातांवर मेंदी, तोंडात उसळीचा घास. तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. आधी घराची विचारपूस केली, कोण किती खातेय त्याची यादी उघडली.

"मामा, हे सामने कोण बघतंय?"

"बघतंय कोण? चालू असतात."

"सव्वीस?"

"काही बरोबरीत सुटलेत."

तिने सव्वीसही बंद केले. मग म्हणाली, "बाबा, याची साडेसातवरून दोन करतेय."

"दोन? पोरी, लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? हे फाइलीत राहतं."

"देव बघतो ना. आणि तुझ्या लग्नाच्या तोंडावर मी कोणाच्या ताटातलं काढून घेऊ?"

"घर उपाशी आहे, बाबा. यजमानच चक्कर येऊन पडला तर वाढणार कोण? आणि गाभे चारांऐवजी एकच."

"एक. मग सरळ हाकलूनच दे त्याला."

"मी म्हणतच होतो कमी करा," हमदीन म्हणाला.

उस्ताने त्याच्याकडे बघितले. हमदीन दुकानात गेला.

उस्ताने पाठ फिरवली. त्याला ते बघवेना. नुसैबाने मला बंद करून पुन्हा लावले आणि मी अकरा सेकंदांत जागा झालो. जाईची वेल उघडली, पूर्ण, शेवटच्या कळीसकट. शेवटची फळी यंत्रावर चढली. नुसैबा मेंदीचे हात हवेत धरून सात तास तिथे बसली आणि उस्ता पाठमोरा उभा राहून नुसता आवाज ऐकत होता. कोरणी कुठेही अडली नाही. त्याला ते आवाजावरून कळते. तिसाव्या फुलाला तो वळला.

गुरुवारी उम्म राफतने डोकेफळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवले आणि म्हणाली, "ठीक आहे." तिच्या घरात हे वर्षातून एकदा कोणालातरी मिळते. ट्रक निघाला, ढोल सुरू झाला, सगळा बोळ मागे गेला.

उस्ता एकटाच आत परत आला. हा माणूस जन्मात कोणाला चुकलो म्हणालेला नाही. तो आमच्यासमोर उभा राहिला, टोपी काढली, पडद्यावरचा भुसा बाहीने पुसला आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलं रे माझं. तुला उगाच म्हातारं म्हटलं."

त्याने माफी मागितली, मित्रांनो. मॉनिटरची. मॉनिटरला काही झालेच नव्हते. तो गेल्याच वर्षी आलाय.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी मंद झाला तर त्याला शिव्या देण्याआधी, आणि त्याचे लाड करण्याच्याही आधी, तो ज्याच्या पोटात राहतो तो जेवलाय का ते बघा. पहारेकऱ्याला आवरा. भाषा जुळते का ते विचारा. संपलेले सामने बंद करा. आणि हे सगळे करून तुम्हाला कधी माझी माफी मागावीशी वाटलीच, तर कोणत्याही पेटीवर हात ठेवू नका. मी तिथे नसतो. नुसती फाइल उघडा आणि मला काम द्या.