सोल्फ्रीदनं गाडी काढली

फोन आला तेव्हा सोल्फ्रीद स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होती. पलीकडून तिची लेक इनगुन बोलत होती, पण बोलण्यापेक्षा रडतच जास्त होती. मूल झालं होतं. मुलगी. सहा आठवडे लवकर, वजन पावणेदोन किलो. काचेच्या पेटीत ठेवलंय, डॉक्टर म्हणतात घाबरू नका. इनगुनचा नवरा सिंद्रे मासेमारीच्या बोटीवर, पार उत्तरेला. तो परतायला तीन आठवडे होते.

"आई, तुम्ही दोघं या ना," इनगुन म्हणाली. पस्तीस वर्षांची बाई, पण आवाज पाचवीतल्या पोरीचा झाला होता.

"निघालोच समज," सोल्फ्रीद म्हणाली. फोन ठेवून तिनं दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली.

टेबलाशी बसलेल्या हाल्वोरनं मान वर केली. त्याला किल्ली दिसली नव्हती, पण तिचा खुळखुळाट त्यानं ओळखला.

"ती मोठ्या गाडीची किल्ली आहे," तो म्हणाला.

"हो."

"आगगाडीनं जाऊ ना."

"आणि राहायचं कुठे? इनगुनच्या एका खोलीत? तिथं आधीच सिंद्रेची जाळी पसरलेली असतात. बर्गनला हॉस्पिटलच्या आवारात आपलं मोटरहोम लावलं की काम झालं. पाच मिनिटांत बाळापाशी."

"पठार ओलांडावं लागेल, सोल्फ्रीद."

"माहीत आहे."

"फेब्रुवारी आहे."

"कॅलेंडर माझ्याच बाजूला टांगलंय, हाल्वोर."

हे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, त्यांनी चार वर्षांपूर्वी घेतलं होतं, हाल्वोर निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात. चौतीस वर्षं त्यानं हार्दांगरविद्दाच्या पठारावर बर्फ सारायचा ट्रक चालवला होता. पुढे लोखंडी फाळ, वर फिरणारा नारिंगी दिवा आणि मागे अडकलेल्या गाड्यांची रांग. आता बर्फ नाही, नुसता समुद्रकिनारा, असं ठरलं होतं. पहिला उन्हाळा झाला तसाच. दुसऱ्या उन्हाळ्यात हाल्वोरला रस्त्यावरच्या पाट्या वाचता येईनात. नजरेच्या मधोमध करडा डाग बसला होता. जिकडे बघावं तिथं डाग, फक्त कडेकडेचं दिसायचं. त्यानं स्वतः जाऊन परवाना परत केला. येताना तो बसनं आला.

तेव्हापासून मोटरहोम अंगणातच उभं होतं. संध्याकाळी कधीकधी हाल्वोर त्यात जाऊन एकटाच चालकाच्या जागेवर बसायचा. सोल्फ्रीद खिडकीतून बघायची, पण तिनं कधी विषय काढला नाही. जेवायची वेळ झाली की अंगणातला दिवा लावायची, तेवढंच. तो यायचा.

तिनं स्वतः ते दोनदाच चालवलं होतं, तेही अंगणातल्या खडीवर. एरवी तिची धाव छोट्या गाडीनं दुकानापर्यंत.

दोघांनी मिळून छपरावरचा बर्फ ओढून काढला. पाण्याची टाकी गोठेल म्हणून रिकामीच ठेवली आणि प्यायचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. फावडं, दोर, चाकांना बांधायच्या साखळ्या, दोन दुलया, तपकिरी चीजची लादी आणि कॉफीचे दोन थर्मास चढले. हाल्वोर प्रत्येक टायरवर हात फिरवून बर्फात पकड यावी म्हणून त्यात बसवलेले खिळे चाचपत होता.

"बरे आहेत," तो म्हणाला. नाखुशीनंच म्हणाला.

पठाराच्या कडेला, हौगास्तोलला रस्त्यावरची दांडी खाली पडलेली होती. पठारावर वारा सुटला की एकेकट्या गाड्यांना सोडत नाहीत. बर्फाच्या ट्रकमागे रांगेनं जावं लागतं. सात-आठ गाड्या आधीच थांबल्या होत्या. पिवळा कोट घातलेली एक बाई एकेका गाडीपाशी वाकून बघत येत होती. काच खाली झाली आणि ती ओरडलीच, "हाल्वोर! तू? आणि त्या बाजूला?"

ती ओशिल. बारा वर्षं तिनं हाल्वोरच्या हाताखाली काम केलं होतं. आता त्याचाच ट्रक ती चालवायची.

"मी आता साहेब झालोय," हाल्वोर म्हणाला. "मला ड्रायव्हर आहे."

ओशिलनं सोल्फ्रीदकडे पाहिलं. हसता हसता तिचा चेहरा जरा गंभीर झाला. "वारा वाढतोय. अजून थोडा वाढला की उंच गाड्या सोडणं बंद करणार आहे मी. आधी कधी गेली आहेस रांगेतून?"

"नाही," सोल्फ्रीद म्हणाली. "पण माझी नात काचेच्या पेटीत आहे."

 ओशिलनं दारावर दोनदा थाप मारली. "माझ्या मागे, पहिला नंबर. माझे दिवे सोडायचे नाहीत. दिसेनासे झाले तर थांबायचं, पण गाडीतून खाली उतरायचं नाही. आणि तू," तिनं हाल्वोरकडे बोट केलं, "तिला शिकवत बसू नकोस. मला शिकवताना इतका ओरडायचास की मी घरी जाऊन रडायचे."

"तू कधी रडलीस?"

"रोज, म्हाताऱ्या."

एक वाजता दांडी वर गेली.

पहिले दहा किलोमीटर सोल्फ्रीदला वाटलं, जमतंय की. पुढे ओशिलच्या ट्रकचा नारिंगी दिवा फिरत होता, फाळाखालून उडालेला बर्फ पंख्यासारखा पसरत होता. दोन्ही कडांना रोवलेल्या उंच काठ्या एकामागून एक येत आणि जात होत्या. मग शेवटची झाडं संपली, पठार उघडं झालं, आणि वाऱ्यानं मोटरहोमला बाजूनं असा धक्का दिला की मागच्या कपाटाचं दार उघडून तवा खाली आदळला.

"असू दे," हाल्वोर म्हणाला. "वळून बघू नकोस. स्टिअरिंग घट्ट नको धरू, ते आपोआप सरळ होतं."

"ओशिलनं काय सांगितलंय?"

"हे शिकवणं नाही. ही माहिती आहे."

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. समोरचे दिवे फिकट झाले होते. नारिंगी डाग एकदा दिसला, मग नाही, पुन्हा दिसला, आणि मग जगच पुसून टाकल्यासारखं झालं. आकाश नाही, जमीन नाही, काठ्या नाहीत. काचेच्या पलीकडे नुसता पांढरा अंधार.

"हाल्वोर, दिवे गेले."

"ब्रेक हळू. अगदी हळू. हां. आता चारी दिवे लाव, लुकलुकणारे."

गाडी थांबली. ती उभी होती तरी वाऱ्यात डोलत होती, धक्क्याला बांधलेल्या होडीसारखी. आरशात मागच्या गाडीचे दिवे अंधुक दिसले आणि तेही थांबले. सोल्फ्रीदचे हात स्टिअरिंगवरच होते. 

 मग ती म्हणाली, "हे असं असायचं?"

"रोज नसायचं."

"तू म्हणायचास, नुसतं खरवडायचं काम. तव्याला चिकटलेलं खरवडतो तसं."

"मग काय सांगणार होतो? तू जाऊ दिलं असतंस?"

वाऱ्याची शिटी छपरावरच्या झरोक्यातून आत येत होती. हाल्वोरनं थर्मासचं झाकण उघडलं, चाचपत कपात कॉफी ओतली, बोट आत घालून किती भरला ते पाहिलं आणि कप तिच्यापुढे धरला.

"एकदा," तो म्हणाला, "इनगुन सहा वर्षांची होती तेव्हा. मी रात्रभर आलो नव्हतो. आठवतं? ट्रकचा गिअर बिघडला म्हणून पठारावरच्या लॉजवर थांबलो, असं सांगितलं होतं. गिअर बिघडला नव्हता. ट्रक कडेच्या खड्ड्यात आडवा झाला होता. अकरा तास मी आत बसून होतो. रेडिओ बंद. पाय गोठू नयेत म्हणून मी बूट काढून पाय टोपीत घातले होते."

"मला माहीत आहे," सोल्फ्रीद म्हणाली.

त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं.

"मी लॉजवर फोन केला होता," ती म्हणाली. "रात्री नऊला. ते म्हणाले, हाल्वोर इथं आलेलाच नाही. मग मी खुर्ची फोनपाशी ओढली आणि बसले."

"पण मी आलो तेव्हा तू..."

"तू सकाळी आलास, म्हणालास लॉजवर मस्त वॅफल्स मिळाले. मी विचारलं, कसे होते? तू म्हणालास, जरा कोरडे होते." तिनं कप त्याच्या हातातून घेतला. "इतकं दमून आला होतास आणि वर वॅफल्सना नावं ठेवत होतास. मी काय बोलणार? तुला अंडी करून दिली."

"तीन," हाल्वोर म्हणाला. "तीन अंडी दिलीस. नेहमी दोन द्यायचीस. मला वाटलं, हिला काय झालं आज."

सोल्फ्रीद हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. त्यानं हात पुढे केला, तो आधी तिच्या कोपराला लागला, मग सरकत तिच्या गालापर्यंत गेला. गाल ओला होता. तो हात त्यानं तिथंच ठेवला. एकोणतीस वर्षं दोघांनी एकमेकांपासून जपून ठेवलेली ती रात्र आता दोघांच्या मधे पडली होती, आणि तिचं ओझं वाटेल असं आता काही उरलं नव्हतं.

हाल्वोरच्या खिशातला फोन वाजला. ओशिल होती. आवाज खरखरत होता. "आरशातून नाहीसे झालात तुम्ही! मी थांबलेय, तुमच्या पुढे शंभरेक मीटरवर. मला मागे घेता येत नाही. चालत्या माणसाच्या वेगानं या. जमेल?"

हाल्वोरनं फोन बाजूला केला. "जमेल का, विचारतेय."

"मला रस्ताच दिसत नाही!"

"मला दिसेल," तो म्हणाला. "चल. पहिल्या गिअरवर."

तिनं गाडी हलवली. उजवीकडच्या जागेवर पाहिलं तर हाल्वोर सगळं तोंड तिच्याकडे वळवून बसला होता.

"माझ्याकडे काय बघतोस? बाहेर बघ!"

"बाहेरच बघतोय. समोर बघितलं की डाग. तुझ्याकडे तोंड केलं की उजव्या कडेच्या काठ्या डोळ्याच्या कोपऱ्यात येतात. हां, काठी. सरळ चल."

"आणि मी? मी दिसते का तुला?"

"तू डागात आहेस. काठी. थोडं डावीकडे. अजून. बस."

"बरंच आहे. केस विंचरलेले नाहीत माझे."

"काठी."

अशा सहा काठ्या झाल्या. सातवीला तो काही बोलला नाही. सोल्फ्रीदनं गाडी अजून हळू केली. मग म्हणाला, "आहे, आहे. वाकलेली होती." नववीपाशी समोरच्या पांढऱ्यातून नारिंगी दिवा उगवला, इतका जवळ की तिनं ब्रेकवर पाय दाबला आणि गाडी जरा तिरकी होऊन थांबली. ओशिलनं ट्रकच्या खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा दाखवला. मागून बाकीच्या गाड्या एकेक करत येऊन चिकटल्या. कोणीही मागे राहिलं नव्हतं.

पुढे ओशिलचे दिवे सुटले नाहीत. हाल्वोर अधूनमधून "छान" म्हणायचा. तेवढंच.

पठार उतरून बोगद्यांतून खाली आले तर दरीत चक्क पाऊस होता. मऊ, कंटाळवाणा, पश्चिमेकडचा नेहमीचा पाऊस. पहिल्या थांब्यावर सोल्फ्रीदनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि तिला हात सोडता येईनात. बोटं स्टिअरिंगला वळलेली ती वळलेलीच. हाल्वोर उठून तिच्या बाजूला आला. गुडघ्यावर बसून त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, तळवे चोळले, मग मागे जाऊन पडलेला तवा जागेवर ठेवला आणि चीज कापून पाव आणला. काप जाडेभरडे, वाकडेतिकडे होते. ती दोन पाव खाऊन मागच्या पलंगावर अर्धा तास झोपली. तो शेजारी बसून राहिला, तिच्या पायांवर दुलई ओढून.

संध्याकाळी सहाला ते बर्गनला पोचले. हॉस्पिटलच्या आवारात इनगुन अंगावर कोट आणि पायात सपाता घालून पावसात उभी होती. मोटरहोम आत येताना पाहून ती धावली, ती सवयीनं चालकाच्या दाराकडे. "बाबा!" म्हणून तिनं दार उघडलं आणि तशीच थिजली.

"आई? तू? पठारावरून?"

"मग कोण? चल, बाळ दाखव."

नर्सनं एकेकालाच आत सोडलं. आधी सोल्फ्रीद गेली. मग हाल्वोर. पेटीच्या बाजूच्या गोल भोकातून त्यानं हात आत घातला, नर्सनं तो धरून नेमका बाळापाशी नेला. इवल्याशा मुठीनं त्याच्या करंगळीचं टोक धरलं. चौतीस वर्षं लोखंडी फाळ चालवलेला तो हात. हाल्वोर बाहेर आला तेव्हा म्हणाला, "पकड चांगली आहे हिची," आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत राहिला.

ते तीन आठवडे आवारातच राहिले. इनगुन दुपारी येऊन मागच्या पलंगावर झोपायची, सोल्फ्रीद सूप करायची, हाल्वोर दिवसातून चारदा बाळापाशी जाऊन बसायचा. बाळ अडीच किलोचं झालं. सिंद्रे आला, दाढी वाढलेला, माशांचा वास घेऊनच, आणि पेटीबाहेर आलेली मुलगी दोन हातांत धरून खुर्चीवर बसला तो तासभर उठला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो सासूला म्हणाला, "आई, परत जाताना मी नेतो ना गाडी. हवामान खराब सांगितलंय. तुम्ही दोघं आरामात बसा."

सोल्फ्रीदनं हाल्वोरकडे पाहिलं.

"यायचं तर ये," हाल्वोर म्हणाला. "पण पुढच्या दोन्ही जागा भरल्या आहेत. तुला मागे बसावं लागेल."