झराबाबांची पिशवी

सकाळी साडेआठला अतिदक्षता विभागाबाहेर मुंगी शिरायला जागा नसे. कारण आत झराबाबा शिरलेले असत. फक्त नातेवाइकांनाच सोडतात, म्हणून आत दाखल असलेल्या शिंप्याच्या धाकट्या भावाने पासवर त्यांचं नातं लिहिलं होतं, ‘मामा’. खरा मामा कोण झाला, ते कळेलच.

शिंप्याच्या रक्तात जंतू पसरले होते, शुद्ध नव्हती. बाबा खाटेशी येत, डोळे मिटत आणि लघवीच्या पिशवीकडे बोट रोखत.

“कोरडी! इंजेक्शनच्या विषाने किडन्या आटल्या. फुंकर घालतो, झरा फुटेल!”

आणि संध्याकाळी पिशवी फुगलेली! तीन दिवस हेच चाललं. बाहेर जयजयकार.

“वहिनी, उद्या सही करून इंजेक्शन बंद करू,” दीर म्हणाला. “विष आणि झरा एकत्र नांदत नाहीत.”

शिंपीण तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“औषध किडनीला जाचतं, हे खरंच आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर रक्तातलं त्याचं प्रमाण मोजतो. जास्त निघालं, तेव्हा चार दिवसांपूर्वीच दोन डोसांतलं अंतर वाढवलं. किडनीचे आकडे सुधारताहेत. पण औषध बंद केलं, तर जंतू त्यांना सोडणार नाहीत. तुमच्या कापडासारखंच आहे हो, बेतून द्यावं लागतं.”

मापाची भाषा शिंपिणीला चांगलीच कळत होती. तिने सिस्टरकडून लघवीचा तक्ता समजून घेतला. बाबा यायच्या आदल्या दिवशीही लघवी तेवढीच होती. आणि रोज सकाळी आठच्या रकान्यात एकच शेरा होता, ‘पिशवी रिकामी केली.’

“सिस्टर, उद्या ही जरा उशिरा रिकामी कराल?”

सिस्टर गालातल्या गालात हसली. “माप टिपून ठेवते. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी सवयीने डोळे मिटले, बोट रोखलं. “कोरडी! थेंब नाही!”

“मामा, डोळे उघडा,” शिंपीण म्हणाली. “फुटली तर तुमचेच पाय भिजतील.”

पिशवी गळ्यापर्यंत भरली होती. बाबा “ग्रह फिरले” असं पुटपुटत निघाले, ते फिरकलेच नाहीत. दिराने सहीचा कागद टराटरा फाडला.

“वहिनी, मी मामा झालो.”

“तू झालास तर झालास. तुझ्या भावाच्या जिवावर बेतलं होतं.”

आठवड्याने शिंप्याने डोळे उघडले. शिंपीण ढसाढसा रडली.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जरूर जोडा, पण आधी एवढं विचारा: पिशवी रिकामी किती वाजता करतात?