संध्याकाळी उतरणारा चेहरा

यादवांनी कार्यक्रमाचे फोटो पाठवले आणि त्या दिवसापासून मीनाचं कशातच लक्ष लागेना.

यादव नाशिकमध्ये सभा-समारंभांचं आयोजन करायचे. पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, निवेदनाला मीनाच असायची. सकाळी ती शाळेत मराठी शिकवायची आणि संध्याकाळी हातात माईक घ्यायची. पहिला माईक तिने कॉलनीतल्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमात धरला होता, परकर-पोलक्यात. आता तिचं वय शेहेचाळीस होतं, आणि नाशिकमधल्या बऱ्याच लोकांना ती आधी आवाजावरून कळायची, मग चेहऱ्यावरून.

फोटोंतला चेहरा मात्र तिला स्वतःलाच ओळखू येईना. प्रत्येक फोटोत डावा डोळा अर्धा मिटलेला. हसताना ओठ वर जायच्या ऐवजी आडवेच ताणलेले. खाली यादवांचा निरोप होता: "मॅडम, जरा थकल्यासारख्या दिसताय. आराम करा. पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी त्यांनी दुसऱ्याच मुलीला बोलावलं. मीनाला ते कुणी सांगितलंही नाही. ग्रुपवर निमंत्रणपत्रिका आली, त्यात निवेदिका म्हणून वेगळं नाव होतं.

तेव्हापासून ती उठता-बसता मोबाईलचा कॅमेरा उघडून स्वतःला बघू लागली. सकाळी चेहरा ठीक वाटायचा. मग तिला वाटे, आपण उगाच मनाला लावून घेतलंय. चार वाजता परत बघितलं की पापणी खाली आलेली, भुवयांमध्ये आठ्या, गाल ओघळलेले.

"अहो, माझ्याकडे बघा ना जरा. काय दिसतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

हिरामण महापालिकेत कारकून होता. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "दमलेली दिसतेस."

"दमलेली की म्हातारी?"

"दमलेली म्हटलं ना. दोन ठिकाणी राबतेस, दमणारच."

तिला ते उत्तर पुरलं नाही. शेजारच्या मनालीचं पंचवटीत ब्युटी पार्लर होतं. मीना तिच्याकडे गेली, तर तिने हसून मोबाईलवर आधीचे आणि नंतरचे चेहरे दाखवले. "मावशी, यासाठी आता इंजेक्शनं असतात. अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे रविवारी मुंबईहून एक सर येतात. तुम्ही फक्त सांगा, काय घ्यायचं."

काय घ्यायचं तेच तर कळत नव्हतं. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मीना व्हिडिओ बघू लागली. बोटॉक्सने आठ्या जातात. पण एकजण म्हणत होती, चेहरा हालतच नाही मग. निवेदिकेचा चेहरा हालला नाही तर कसं चालेल? फिलरने गाल भरतात, पण एका बाईचे ओठ बघून तिने मोबाईलच पालथा घातला. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेलं आपल्यालाच टोचायचं. ते बरं वाटलं, पण त्याला वेळ लागतो म्हणे. स्किन बूस्टर म्हणून आणखी एक काही होतं, त्याने कातडी पाणी धरून ठेवते. सकाळी एक ठरायचं, दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी आरशासमोर सगळंच एकदम घ्यावंसं वाटायचं.

शेवटी ती कॉलेज रोडवरच्या डॉक्टर सुयशकडे गेली. तो तिचाच विद्यार्थी होता, आता त्वचारोगतज्ज्ञ. ओळखीचा माणूस खरं सांगेल असं वाटून ती गेली खरी, पण खुर्चीत बसल्यावर तिला लाज वाटू लागली.

"बाई, संकोच करू नका," सुयश म्हणाला. "माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी जणी येतात."

ते ऐकून तिला आणखीच कसंतरी झालं.

सकाळची वेळ होती. त्याने तिला हसायला लावलं, भुवया उंचवायला लावल्या, समोरून आणि बाजूने फोटो काढले. काही आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत का, स्नायूंचा काही त्रास, असं विचारलं. ती सगळ्याला नाही म्हणाली. संध्याकाळी जीभ जड होते, भाकरी चावताना जबडा दुखून येतो, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण मग तोही म्हणेल, बाई, तुम्हाला आराम हवाय. आराम करा हे तिला आता कुणाकडूनच ऐकायचं नव्हतं.

"फिलरची तुम्हाला गरज नाही," सुयश म्हणाला. "आठ्यांसाठी थोडं बोटॉक्स. अगदी थोडं, म्हणजे चेहरा बोलका राहील. त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. कातडीसाठी हवं तर नंतर पीआरपी. घाई नाही, विचार करून सांगा."

तिने विचार केला म्हणजे काय, तर त्याच्या रिसेप्शनला तीनदा फोन केला. एकदा बोटॉक्स नको म्हणून, एकदा पीआरपीच आधी करा म्हणून, आणि शेवटी बोटॉक्सच करा आणि लवकर करा म्हणून. शनिवारी संध्याकाळची वेळ मिळाली. हिरामणला तिने मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं.

शनिवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि ती दिवसभर बोलत होती. दवाखान्यात पोचली तेव्हा जिना चढताना तिने कठडा घट्ट धरला. आत खुर्ची मागे कललेली, ट्रेमध्ये सिरिंज तयार. सुयशने हातमोजे घातले, तिच्या कपाळावर पेन्सिलीने खुणा करायला वाकला आणि थांबला.

"बाई, हा डोळा कधीपासून असा आहे?"

"हेच तर नीट करायला आले ना मी!"

तो कॉम्प्युटरकडे गेला. पहिल्या भेटीत, सकाळी काढलेला फोटो त्याने पडद्यावर मोठा केला. फोटोत दोन्ही डोळे सारखे उघडे होते. तो परत आला आणि म्हणाला, "वर छताकडे बघा. पापणी न मिटता बघत राहा."

ती बघत राहिली. थोड्या वेळाने छतावरचा दिवा तिला दोन दिसू लागला. डावी पापणी आपोआप खाली सरकत होती आणि कितीही जोर लावला तरी वर जात नव्हती.

"दोन दिसतात?" त्याने विचारलं.

"हो. दमल्यामुळे."

त्याने फ्रीजमधून बर्फ आणून, रुमालात गुंडाळून तिच्या डोळ्यावर धरला. काढला तेव्हा समोर आरसा धरला. पापणी वर गेली होती. मीनाला वाटलं, चला, जमलं. सुयशचा चेहरा मात्र वेगळाच होता. त्याने हातमोजे काढून ठेवले.

"मी आज इंजेक्शन देणार नाही. कधीच देणार नाही कदाचित. मला नसांचा आणि स्नायूंचा एक आजार वाटतोय. त्यात स्नायूंना मेंदूचा निरोप नीट पोचत नाही, म्हणून ते वापरले की थकतात. बोटॉक्स नेमका तोच निरोप तोडतं. अशात दिलं तर गिळणं अवघड होऊ शकतं, श्वाससुद्धा. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मी चिठ्ठी देतो."

"पण त्या दिवशी तूच म्हणालास ना, थोडं बोटॉक्स म्हणून?"

"म्हणालो. त्या दिवशी सकाळी मला हे दिसलं नाही. बाई, तुम्हाला चावताना, बोलताना त्रास होतो का? खरं सांगा."

"नाही," ती म्हणाली आणि उठली. शब्द मात्र बोबडा आला, दोघांनीही ऐकला.

घरी येताना रिक्षात ती धुमसत होती. साध्या आठ्या घालवायला गेले तर आजार चिकटवून दिला, असं तिला वाटत होतं. घरी तिने एक कपाट आवरायला काढलं, अर्धं सोडलं, भाजी चिरायला घेतली, तीही सोडली. हिरामण दोनदा म्हणाला, "काय झालं?" ती काही नाही म्हणाली. मग तिने मनालीला फोन लावला. "उद्या तुझे सर येणार आहेत ना?"

रविवारी पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या गर्दीतून वाट काढत ती पार्लरमध्ये पोचली. मुंबईचे सर घाईत होते, बाहेर आणखी बायका बसल्या होत्या. त्यांनी आजाराचं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "कपाळ करायचं की डोळ्यांच्या कडाही?"

"सर, एखाद्याला स्नायूंचा आजार असेल तर?"

"कुणाला?"

"असंच विचारते."

"काही होत नाही हो. रोज शेकड्याने करतो." ते सिरिंज भरू लागले.

मनालीने तिला धीर यावा म्हणून चहा आणला होता. मीनाने एक घोट घेतला, तो खाली उतरेचना. पुढच्याच क्षणी चहा तिच्या नाकातून बाहेर आला. ठसका लागला. तो थांबेना, आणि तिला श्वास घेता येईना. मनालीने तिला पुढे वाकवून पाठ चोळली. ठसका शमला तेव्हा मीनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साडीवर चहा सांडला होता.

"मावशी, असं आधी कधी झालं होतं का?"

"दोनदा. आमटी खाताना."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

मीनाने नकारार्थी मान हलवली. मग ती सगळंच बोलली: दोन दिसणारा दिवा, बर्फ, सुयशची चिठ्ठी. सर सिरिंज हातात धरून उभेच होते. "ठसका तर कुणालाही लागतो," ते म्हणाले. मनाली त्यांच्याकडे वळली. "सर, राहू द्या. ह्यांना नाही करायचं." मग तिने स्वतःच हिरामणला फोन लावला.

हिरामण स्कूटरवर आला. मीनाला वाटलं, आता बोलणी बसणार. त्याने चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, आराम कर."

त्याने तिच्या साडीवरचा चहा रुमालाने टिपला. मग म्हणाला, "हो. म्हणालो असतो."

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी सुयशचा अंदाज खरा असल्याचं सांगितलं. या आजारात कधीकधी छातीत गाठ असते म्हणून छातीचा स्कॅन झाला, त्यात सुदैवाने गाठ निघाली नाही. पहिली गोळी घेतल्यावर तासाभरातच मीनाचा डोळा उघडला. तिने आरशात बघितलं आणि रडली. पण आठ्या तशाच होत्या, आणि हे तिच्या लगेच लक्षात आलं याचा तिला स्वतःचाच राग आला. गोळीने पोटात मुरडा यायचा. संध्याकाळी कधीकधी पापणी पुन्हा उतरायची. आजार जन्मभराचा आहे, पण आटोक्यात राहील, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

ती सुयशकडे पेढे घेऊन गेली. पेढा हातात देतादेताच तिने विचारून टाकलं, "ते रक्तातलं तरी चालेल का रे मला?"

तो हसला नाही. "चालू शकेल. आधी तब्येत स्थिर होऊ दे. तुमच्या डॉक्टरांना विचारून मग ठरवू. हवंसं वाटण्यात काही चूक नाही, बाई."

पुढे सटाण्याला कांदा व्यापाऱ्यांचा मेळावा होता, सकाळचा. ठरलेली मुलगी आजारी पडली म्हणून यादवांनी मीनाला विचारलं. तिने आजाराचं सगळं सांगितलं आणि दोन अटी घातल्या: मंचावर खुर्ची हवी, आणि मध्ये गोळीसाठी थांबायला मिळायला हवं. यादव जरा अडखळले, पण हो म्हणाले.

ती बसून बोलली. आवाज शेवटपर्यंत नाही टिकला. आभार मानायची वेळ आली तेव्हा शब्द चिकटायला लागले. ती थांबली, माईक जवळ घेतला आणि हळू म्हणाली, "माझी जीभ आता दमली आहे. राहिलेल्यांचे आभार तुम्हीच टाळ्यांनी माना." लोक हसले आणि टाळ्या जोरात पडल्या. मंचावरून उतरताना एका म्हातारीने तिचा हात धरला. "ताई, तुमना आवाज भारी शे."

गाडीपाशी यादव आले. "मॅडम, पुढच्या महिन्यात नाशिकला एक आहे. संध्याकाळी सात."

"सकाळचं असेल तर सांगा."

"सगळेच सकाळी कसे घेतील?"

"जे घेतील त्यांचं सांगा," मीना म्हणाली. तिने पाण्याबरोबर गोळी घेतली, नीट गिळली गेली याची खात्री केली आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसली.