उसातली हाक

वृषालीच्या भयपटात भूत नव्हतं. एक बाई भरदुपारी गवताला जाते, उसातून तिला कुणीतरी हाक मारतं, ती आत शिरते आणि परत येत नाही. बस्स.

"पण यातून सांगायचंय काय?" कॅमेरा सांभाळणारा तिचा मित्र केदार नगरहून कोल्हारला येईपर्यंत हेच विचारत होता. "आशय नसेल तर लोक दचकतील आणि विसरतील."

"दचकू देत ना. भीतीला कारण कशाला हवं?"

बाईचं काम वृषालीची आत्या कलाबाई करणार होती. तिने पदर खोचला, विळा घेतला आणि ती सरीतून आत गेली. पाचट चुरचुरलं, शेंडे हलले, मग सगळं थांबलं.

"कट! आत्या, ये बाहेर."

उत्तर नाही. केदार हसला, "भारी काम करतात गं."

वृषालीने पुन्हा हाक मारली. मागच्याच महिन्यात शेजारच्या मळ्यातून बिबट्याने शेळी नेली होती, हे तिला आत्ता आठवलं. ओरडावं तर बिबट्या बिथरेल, आत जावं तर पाय उचलेना. केदारचंही हसू मावळलं होतं.

शेवटी ती घुसलीच. पात्यांनी हात ओरबाडले. कलाबाई सरीत उकिडवी बसली होती, विळा घट्ट धरून.

"आत्या! बिबट्या दिसला?"

"न्हाई."

"मग आवाज आला कसला?"

"कायबी न्हाई. समदं एकदम गप झालं, अन् मला उठताच येईना."

बांधावर आणून तिला पाणी पाजलं. केदारने हळूच विचारलं, "मागे कधी काही घडलं होतं का इथं? मनात राहिलं असेल."

कलाबाई चिडली. "काय न्हाई घडलं! जलम गेला माझा या उसात. कारन असतं तर तेवढी जागा टाळली असती. आता कुठं जायाचं न्हाई, ते कसं कळायचं मला?"

वृषालीने आत्याच्या मुठीतला विळा सोडवून बाजूला ठेवला. केदारशी घातलेल्या वादात तीच जिंकली होती, आणि आता हरायला तिला आवडलं असतं.

फिल्म पुरी करायची की नाही, ते तिने त्या दिवशी ठरवलं नाही. दुसऱ्या सकाळी म्हशीसाठी गवत आणायचंच होतं. आत्याबरोबर ती गेली; आत्या उसात शिरली आणि ती बांधावर उभी राहिली. आतून येणारा विळ्याचा सपसप आवाज मध्येच थांबला.

"आत्या, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पण थांबू नकोस."