दुसरी रिबीन

रहिमतपूरच्या अलीकडच्या त्या गावात गुलाबी रिबिनींनी एका दुपारी जो गोंधळ घातला, तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही कधी जमला नव्हता. साल अठ्ठ्याण्णव, दसरा नुकताच झालेला. आरोग्य उपकेंद्राच्या माया सिस्टरनं शाळेतल्या पोरींना एकेक रिबीन वाटली, तीही सढळ हातानं हातभर लांब कापून. छातीत गाठ होण्याचा आजार बायकांनी ओळखावा म्हणून ही खूण आहे, आईला द्या, पदराला लावायला सांगा, असं तिनं दोनदा बजावलं. पोरींनी रिबीन तेवढी घरी नेली. बाकीचं वाटेतच सांडलं.

"एकच?" नातीच्या हातातली रिबीन उलटीपालटी करत मनुबाई म्हणाल्या. "पोरीच्या येण्या दोन आन रिबीन एक. सरकारला येवडंबी मोजता येत न्हाई व्हय?"

सरकारचा यात काडीचा संबंध नव्हता. पण मनुबाईंच्या दरबारात निकाल आधी लागायचा आणि चौकशी सवडीनं व्हायची.

त्यांची सून रंगूबाई मागल्या दारी आपल्या लेकीची, पूजाची वेणी सोडायला बसली, तेव्हा पोरीला उरलेलं आठवलं. "आई, ती रिबीन तुझी हाय. छातीत गाठ असंल तर सिस्टरला सांगायचं."

रंगूबाईचा हात पोरीच्या केसात तसाच राहिला. नागपंचमीच्या सुमारास आंघोळ करताना डाव्या अंगाला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. आता ते सुपारीएवढं झालं होतं. नवरा लालासाहेब फौजेत, जम्मूकडं. आणि सासूला सांगायची सोय नव्हती. मनुबाईंची सख्खी बहीण याच दुखण्यानं मिरजेच्या दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून "सुरी लागली की माणूस संपलं" हा मनुबाईंचा कायदा होता, आणि तो मोडून सून मिरजेच्या गाडीत बसेल ही गोष्ट अशक्य. म्हणजे सासूला पत्ता लागू न देता सिस्टरच्या कानावर घालायला हवं होतं. निमित्त तर घरात आयतंच चालून आलं होतं.

"आत्या, मी जाऊन दुसरी रिबीन घिऊन येते," ती सासूला म्हणाली.

"थांब, मीबी येते. तू गरीब गाय. तुला आर्धीच कापून देतील."

झालं. रंगूबाई मुकाट्यानं मागं चालू लागली.

उपकेंद्रात आधीच सात-आठ जणी दुसऱ्या रिबिनीसाठी भांडत होत्या. माया सिस्टरनं कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणी हसल्या, कुणी जमिनीकडं बघत राहिल्या. "आगं बया, आन आमी येण्या घालाय निघालो," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मनुबाईसुद्धा हसल्या. मग सिस्टर एकेकीच्या पदराला रिबीन दुमडून टाचू लागली.

रंगूबाईची पाळी आली. सासू अगदी खेटून उभी होती, कानात बोलायला जागाच नव्हती. सिस्टरनं पदर धरून टाचणी लावली. रंगूबाईनं तिचं मनगट पकडलं, हात पदराखाली ओढला आणि गाठीवर दाबून धरला.

सिस्टरची बोटं गाठ चाचपू लागली. "कधीपासून?"

"नागपंचमीपासनं."

मनुबाईंनी ते ऐकलं. सिस्टरनं सासूसुनेला थांबवून बाकीच्यांना बाहेर घालवलं, दार लावलं आणि पडद्यामागं नीट तपासलं. "गाठ आहे," ती म्हणाली. "कसली ते मला सांगता येणार नाही. मिरजेला दाखवा, याच आठवड्यात. वेळेवर गेलेल्या बायका बऱ्या होतात."

रंगूबाईला सासूच्या तोंडाकडं बघवेना.

"माज्या भनीनंबी असंच दडवलं," मनुबाई म्हणाल्या. "जखम झाली, वास याला लागला, तवा कुटं आमाला कळलं. मग नेली. आन दोस मातुर मी मिरजंला देत बसले." त्या सिस्टरकडं वळल्या. "सकाळच्या गाडीनं गेलं तर डॉक्टर गावतील न्हवं?"

"सापडतील. मी चिठ्ठी देते."

सिस्टर लिहायला बसली. मनुबाई सुनेजवळ बाकड्यावर टेकल्या.

"येवडं दिस एकलीच घिऊन बसलीस. माजं भ्या वाटलं व्हय गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. लग्न होऊन आल्यापासून रंगूबाई या बाईला सोपं तेच सांगत आली होती.

"व्हय," ती म्हणाली.

मनुबाईंनी मान हलवली. त्यांनी सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि सिस्टरची चिठ्ठी पुरी होईपर्यंत तो सोडला नाही.