चौदा बोल्ट

थोरल्यांनी पायाने पेडल दाबलं. लिफ्टचा लोखंडी पाट बोटभर वर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा बोटभर. पाटावरची निळी मोटरसायकल जराशी डुलली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी तिला धरलं आणि ती मुकाट्याने वर चढू लागली.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात त्यांची बायको उभी होती.

"हे घर घेताना एवढं ठोकून बघितलं नव्हतं तुम्ही," ती म्हणाली. "या पाटासाठी मात्र तीन खेपा घातल्यात."

"घर काही डोक्यावर पडत नाही."

"माझ्या तर केव्हाच पडलंय," असं म्हणून ती आत गेली.

तीन खेपांची गोष्ट खरी होती. पहिल्या खेपेला दुकानदाराने छोटा जॅक दाखवला होता. इंजिनाखाली सरकवायचा, दोनदा दांडा फिरवायचा, काम झालं की पलंगाखाली ढकलायचा. "घरच्या घरी हा बक्कळ झाला," तो म्हणाला. त्यावर थोरल्यांनी विचारलं, "आणि वर उचललेली गाडी धरणार कोण?" दुकानदार हसून म्हणाला, "घरात कोणी ना कोणी असतंच की." थोरले उठून आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी गॅरेजच्या छताची उंची दोरीने मोजून नेली, कारण गाडी वर जाऊन हँडल तुळईला लागलं तर सगळंच मुसळ केरात. तिसऱ्या खेपेला त्यांनी दुकानातलाच मोठा पाट पूर्ण वर चढवला, अडकण लावली आणि त्याला चांगल्या दोन लाथा घातल्या. दुकानदाराचा चेहरा उतरला, पाट जागचा हलला नाही. तोच त्यांनी घेतला. घरी आणल्यावर कळलं, की गॅरेजच्या फरशीला पाणी जायला उतार काढलेला आहे. मग दोन पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून पाट सपाट करण्यात एक अख्खी सकाळ गेली.

लिफ्ट त्यांनी जन्मात कधी वापरली नव्हती. सत्तावीस वर्षं दोघा भावांनी मिळून वर्कशॉप चालवलं, तेव्हा एक जण जमिनीवर आडवा व्हायचा आणि दुसरा खांदा लावून गाडी धरायचा. गिऱ्हाइकं त्यांना थोरले मिस्त्री आणि धाकटे मिस्त्री म्हणायची. कामाची वाटणीही ठरलेली होती. गाडीची उजवी बाजू थोरल्यांची, डावी धाकट्यांची. बोल्ट शेवटचा आवळून झाला, की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. थोरल्यांची रेघ पांढरी, धाकट्यांची पिवळी. तक्रार आली तर कान कोणाचा धरायचा ते कळावं, असं धाकटे म्हणायचे.

चार महिन्यांपूर्वी धाकटे सहा दिवस तापाने पडले आणि सातव्या दिवशी गेले. वर्कशॉपची किल्ली थोरल्यांनी जागेच्या मालकाला परत दिली. त्यांची कंबर आता जमिनीवर पडून काम करू देत नव्हती, आणि खांदा लावायला कोणी उरलं नव्हतं.

पण ही निळी गाडी दोघा भावांची स्वतःची होती, आणि धाकट्यांच्या मुलीला ती हवी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी कधी उभी राहिली नाही. तिला तीनशे किलोमीटर लांब नोकरी लागली होती, परवा निघायचं होतं, आणि बसने नाही, बाबांच्या गाडीनेच. तिची आई आधी नकोच म्हणाली. मग एका अटीवर कबूल झाली. "मोठ्या भाऊजींचा हात फिरला असेल तर ने. मग मला काळजी नाही."

हे ऐकून थोरल्यांची छाती फुगली होती. माझ्या हाताखालची गाडी कधी रस्त्यात थांबली नाही, हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्यांच्या बायकोला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

गाडी छातीइतकी वर आल्यावर त्यांनी अडकण लावली आणि आपल्या सवयीच्या बाजूला, उजवीकडे गेले. रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनाखालचा चिखल पुसू लागले. ही जागा त्यांनी सत्तावीस वर्षं पाठीवर पडून, अंधारात, बोटांनीच ओळखली होती. आज ती नाकासमोर होती आणि दारातून तिच्यावर सकाळचं ऊन पडलं होतं.

पहिल्या बोल्टवर त्यांना आपली पांढरी रेघ दिसली. ती तुटलेली होती. बोल्टच्या डोक्यावरचा तुकडा खालच्या तुकड्यापासून चांगला पाव फेरा दूर गेला होता. आणि त्या नव्या जागेवर, बोल्टपासून धातूपर्यंत सलग, एक पिवळी रेघ होती.

त्यांनी चष्मा पुसला. दुसरा बोल्ट बघितला. पांढरी तुटलेली, पिवळी सलग. तिसरा, चौथा. ते वाकून सायलेन्सरच्या मागे गेले, तिथेही तेच. उजव्या बाजूला चौदा बोल्ट होते आणि चौदांवर पिवळी रेघ होती.

गाडीच्या हादऱ्याने झालं असेल, असं त्यांनी क्षणभर स्वतःला सांगून बघितलं. पण हादऱ्याने बोल्ट सैल होतो. आपला आपण आवळला जात नाही. हे सगळे आवळायच्या दिशेने गेले होते. त्यांनी काम संपवल्यावर कोणीतरी प्रत्येक बोल्ट पुन्हा पाव फेरा ओढला होता, आणि त्या माणसाच्या हातात पिवळा रंग होता.

एरवी हे त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कामाला घेण्याआधी गाडी धुऊन जुन्या रेघा पुसायचं काम धाकट्यांचं असायचं. या वेळी पुसायला ते नव्हते.

थोरल्यांनी उजवा हात समोर धरला. आठ वर्षांपूर्वी एक गाडी याच मनगटावर पडली होती. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढल्यावर पकड पूर्वीची राहिली नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांनी ती झाकूनच ठेवली. "हात एकदम पहिल्यासारखा," असं ते सगळ्यांना सांगत. धाकट्यांनाही सांगितलं होतं. धाकटे म्हणाले होते, "बरं झालं दादा."

"काका, सुरुवात केलीत पण?"

भिंगरी दारात उभी होती. केस वर बांधलेले, अंगात बापाचा जुना शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली, लिफ्टभोवती एक चक्कर मारली आणि पेडल दोनदा दाबून बघितलं.

"मस्त आहे. बाबांना आवडली असती."

"त्याला? तो म्हणाला असता, दादा म्हातारा झाला."

"ते तर ते आधीपासून म्हणायचे," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

ती सहजच डाव्या बाजूला गेली. चेन, गिअरचा दांडा, त्या बाजूचं सगळं तिला बापाने शिकवलं होतं. जमिनीवर काम करताना दोघा भावांना एकमेकांचे फार तर पाय दिसायचे. आता गाडी मध्ये आणि पुतणीचा चेहरा समोर, असं दोन-तीन तास चाललं. तेल बदललं, ब्रेक उघडून साफ केले, क्लचची तार नवी घातली. ती मध्येच काहीतरी विचारायची, हे उत्तर द्यायचे. चौदा बोल्ट एकामागून एक सैल झाले आणि एकामागून एक परत बसले.

आवळताना थोरल्यांनी दात दाबून जोर लावला. पाना थांबला, की ते आणखी ओढायचे. मनगटातून कळ खांद्यापर्यंत जायची आणि बोल्ट जागचा हलायचा नाही. हीच जागा त्यांना इतकी वर्षं शेवटची वाटत आली होती. शेवटी त्यांनी पान्याला हातभर पाइप जोडला आणि सगळं अंग टाकलं. बोटं उघडली, पाइप खणकन फरशीवर पडला.

भिंगरीने वर बघितलं नाही. ती चेनवर तेल सोडत राहिली.

थोरल्यांना वाटलं, सांगून टाकावं. बघ गं, माझ्या हातात आता जोर नाही. एवढं एकच वाक्य होतं. परवा ही पोर याच बोल्टांच्या भरवशावर तीनशे किलोमीटर जाणार होती, तिची आई त्यांच्या हाताच्या भरवशावर तिला जाऊ देणार होती, आणि तरीही ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पाइप उचलला, पुसला आणि पुन्हा पुसला.

"काका, तुम्ही जेवून या," भिंगरी म्हणाली. "मी आहे इथे."

थोरले तिच्याकडे बघत राहिले.

दादा, तुम्ही जेवून या, मी आहे इथे. रोज दुपारी एक वाजता हेच. धाकटे कधी बरोबर जेवायला बसले नाहीत. दोन-अडीचला यायचे, गार झालेलं जेवायचे. थोरले त्यांच्यावर डाफरायचे. तुला वेळेचं भान नाही, रेंगाळत बसतोस, अशाने पोट बिघडेल. धाकटे मान खाली घालून, बरं दादा, म्हणायचे आणि गार भात कालवायचे. आठ वर्षं.

थोरल्यांना गलबलून आलं. त्यांनी टेबलाकडे तोंड केलं आणि पाने लावून ठेवू लागले. ते आधीच लावलेले होते.

भिंगरी कोपऱ्यातल्या पिशवीपाशी जाऊन उभी होती. पिशवीतून एक काळी मूठ डोकावत होती. थोरल्यांनी ती ओळखली. धाकट्यांचा टक वाजणारा पाना. पुरेसा आवळला, की तो टक असा आवाज करतो. तो त्यांनी विकत आणला तेव्हा थोरले चार माणसांत म्हणाले होते, ज्याच्या हाताला कळत नाही त्याला असली खेळणी लागतात. त्यावरही धाकटे हसले होते. खेळणं कोणासाठी आणलं होतं, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. पोरीला मात्र सांगून ठेवलेलं दिसत होतं.

"तुला भूक नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"मी नंतर बसेन. तुम्ही सावकाश जेवा."

"बरं," ते म्हणाले.

ते आत आले, हात धुतले आणि टेबलाशी बसले. गॅरेज आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एकच भिंत होती. बायकोने पान वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक.

बायकोचा वाढता हात थांबला. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. पुन्हा टक झालं, तशी ती लगबगीने वळली आणि तिने नळ सोडला. पाणी धो धो वाहू लागलं. खाली एकही भांडं नव्हतं.

म्हणजे हिलाही माहीत होतं. थोरले तिच्या पाठीकडे बघत राहिले. किती जणांनी मिळून आपली मूठ झाकून धरली होती, आणि आपल्याला वाटत होतं आपणच झाकली आहे.

"नळ बंद कर."

"भांडी घासायची आहेत."

"राहू दे. मला मोजू दे."

तिने नळ बंद केला, पदराने हात पुसले आणि त्यांच्या समोर येऊन बसली. थोरले एरवी दहा मिनिटांत उठायचे. आज ते एकेक घास चावून खात होते. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. दहाव्यानंतर पलीकडे सगळं शांत झालं. बायकोने भिंतीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"अकरावा सायलेन्सरच्या मागे आहे," ते म्हणाले. "तिथे हात नीट जात नाही. तिला वेळ लागेल."

ताट रिकामं झालं होतं. त्यांनी ते पुढे सरकवलं.

"अजून थोडा भात वाढ."